आजार आतड्याचा, गुठळी मानेत

घोड्याला हगवण लागली की तबेल्यात सगळ्यांचे लक्ष त्याच्या शेपटीकडे लागते. किती वेळा झाली, किती पातळ झाली, याचीच चौकशी चालते. अनुभवी पशुवैद्य मात्र आणखी दोन ठिकाणी हात लावून पाहतो. एक मानेची शीर आणि दुसरे खूर. कारण आतड्याचा संसर्ग गंभीर झाला की त्याचा पुढचा घाव अनेकदा रक्तावर पडतो. रक्त जिथे गोठायला नको तिथे गोठू लागते.

हे समजण्यासाठी घोड्याचे पोट समजून घ्यायला हवे. गाय रवंथ करते, घोडा करत नाही. गवत, कडबा आंबवून पचवण्याचे त्याचे काम मागच्या भागात, म्हणजे उंडुक आणि मोठ्या आतड्यात चालते. मोठ्या घोड्याच्या उंडुकातच सुमारे ३० लिटर आणि पुढच्या मोठ्या आतड्यात त्याच्या दुपटीहून अधिक ऐवज मावतो. या पिंपात अब्जावधी जिवाणू सुखाने नांदतात. त्यांतील अनेकांच्या बाह्य आवरणात एक विषारी घटक असतो. जिवाणू मेला, फुटला की तो मोकळा होतो. जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी १८९२ च्या सुमारास कॉलऱ्याच्या जंतूंचा अभ्यास करताना अशा विषाची कल्पना मांडली. त्यालाच अंतर्विष म्हणतात.

निरोगी आतड्याचे अस्तर हे विष आतच अडवून धरते. थोडेफार निसटले तर यकृत त्याचा निकाल लावते. पण साल्मोनेला किंवा क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंनी मोठ्या आतड्याला सूज आणली की अस्तराला भगदाड पडते आणि विष थेट रक्तात उतरते. या विषाला अतिशय संवेदनशील असलेल्या प्राण्यांत घोड्याची गणना होते.

पुढची साखळी माणसातल्या जंतुदोषासारखीच आहे. विषाची चाहूल लागताच रक्तातील काही पांढऱ्या पेशी आपल्या पृष्ठभागावर असे प्रथिन आणतात, की ज्यामुळे रक्त गोठण्याची प्रक्रिया सुरू होते. एरवी हे काम जखम झाल्यावर व्हायचे. इथे जखम नसतानाच होते. रक्त पातळ ठेवणारी अँटिथ्रॉम्बिनसारखी प्रथिने एकीकडे खर्च होतात आणि दुसरीकडे सुजलेल्या आतड्यातून हगवणीवाटे वाहून जातात. झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणाही मंदावते. तराजूचे पारडे असे तिन्ही बाजूंनी एकाच दिशेला झुकते.

कोविडच्या काळात घरोघरी माहीत झालेली ‘डी-डायमर’ तपासणी अशा घोड्यांतही केली जाते. गुठळ्या बनत आणि विरघळत असल्याची खूण तिच्यातून मिळते. गोठण्याचे घटक आणि प्लेटलेट्स संपत गेल्या तर शेवटी रक्तस्रावही होऊ शकतो. घोड्यांत मात्र रक्तस्रावापेक्षा गुठळ्यांचाच त्रास जास्त दिसतो.

त्यातही नेहमीची जागा म्हणजे मानेची मोठी शीर. हगवणीने शरीरातले पाणी झपाट्याने जाते. गंभीर घोड्याला दिवसाला ५० लिटर किंवा त्याहूनही जास्त सलाईन लागू शकते आणि ते याच शिरेतून दिले जाते. आधीच गोठायला टपलेल्या रक्तात ही नळी निमित्त ठरते. शीर दोरीसारखी कडक लागते, दाबली तर दुखते. दोन्ही बाजूंच्या शिरा बंद झाल्या तर डोक्यातून रक्त परतायला वाट उरत नाही. तोंड, नाक सुजते. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, केवळ नाकाने घेतो. त्यामुळे ही सूज जिवावर बेतू शकते. म्हणूनच नळीची जागा रोज तपासायची, गरज संपली की ती काढायची आणि एक शीर बिघडली तर दुसरी जिवापाड जपायची.

खुरांचे दुखणे हा दुसरा धोका. खुरातील नाजूक पडदे सुजले की घोडा पाय टेकवायला तयार होत नाही. पूर्वी याचा दोष खुरातील बारीक गुठळ्यांना दिला जाई. आता दाह हे मुख्य कारण मानले जाते. आजाराच्या सुरुवातीपासूनच पाय बर्फात ठेवल्याने हा धोका कमी होतो.

रक्त पातळ करणारे औषध सरसकट देणे हा सोपा उपाय वाटेल, पण साधे हेपॅरिन घोड्याच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवते. म्हणून गरज पडल्यास त्याचा कमी रेणुभाराचा प्रकार वापरतात. खरा भर असतो तो पुरेसे सलाईन, निरोगी घोड्याचा प्लाझ्मा आणि विष व दाह आवरणारी औषधे यांवर.

माथेरानच्या घोडेवाल्यांसाठी किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणणाऱ्यांसाठी यातली गोष्ट सरळ आहे. घोडा चारा सोडून मान खाली घालून उभा राहिला, ताप चढला, हिरड्या लालभडक किंवा जांभळट दिसू लागल्या, खूर गरम लागले, तर हगवण थांबण्याची वाट पाहू नये. पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवावे. मनाने अँटिबायोटिक देऊ नये. काही अँटिबायोटिक घोड्याच्या पोटातले उपयोगी जिवाणू मारून हगवण आणखी भडकवतात. आजारी घोडा वेगळा बांधावा आणि त्याची लीद काढल्यावर साबणाने हात धुवावेत. साल्मोनेला माणसालाही लागतो.

हगवण आटोक्यात आली म्हणजे घोडा वाचला असे लगेच धरू नये. पुढचे काही दिवस त्याच्या मानेवरून आणि खुरांवरून रोज एकदा हात फिरवावा.