रक्ताच्या वाटा (भाग ६) : पायाची नाडी

मागच्या भागात आपण हृदयाच्या धमन्या पाहिल्या. तसाच चरबीचा थर पायाच्या धमन्यांत साचला की पहिली तक्रार पोटरी करते. वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ती धुऱ्यावर जाणवते. एका दमात शेत गाठणारा माणूस अर्ध्या वाटेत थांबतो, कारण पोटरीत गोळा आलेला असतो. दोन-चार मिनिटं उभं राहिलं की दुखणं ओसरतं, तेवढंच अंतर चाललं की पुन्हा उठतं. घरचे म्हणतात, वात आहे, वय झालं. नुसतं उभं राहून थांबणारं दुखणं बहुधा रक्तवाहिनीचं असतं. बसल्या-वाकल्याशिवाय न थांबणारं बहुतेक वेळा कण्याचं. हे विचारायला कुठलंच यंत्र लागत नाही.

पुढचं काम बोटांचं. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी चाचपतात. पण डॉक्टरच्या बोटांवर, डोळ्यांवर भरवसा किती ठेवायचा? सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हा प्रश्न नेटाने विचारला गेला, पायाबद्दल नव्हे, रक्तक्षयाबद्दल. डोळे, जीभ, तळहात पाहून डॉक्टरांनी फिकेपणाची नोंद केली, ती हिमोग्लोबिनशी ताडून पाहिली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकाच रुग्णाबद्दल दोन डॉक्टरांचं मत फारसं जुळत नसल्याचं दिसलं. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं. रोजच्या सवयीची परीक्षा घ्यायला धैर्य लागतं.

पायाच्या नाडीलाही तीच कसोटी लावायला हवी. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही. म्हणून बोटांच्या जोडीला आकडा हवा. रुग्णाला काही मिनिटं निवांत झोपवतात. घोट्याजवळ जेल लावून पेनासारखा डॉप्लर टेकवला की ‘सुस्स-सुस्स’ असा रक्ताचा आवाज येतो. घोट्याच्या वर बांधलेला रक्तदाबाचा पट्टा फुगवला की आवाज बंद. हवा सोडताना ज्या दाबाला तो परत येतो तो घोट्याचा दाब. तसाच दंडाचा घ्यायचा आणि भागाकार करायचा. घोट्याला ८४, दंडाला १४० असेल तर उत्तर ०.६. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर धमनी अरुंद झाली आहे असं धरतात. १९५० साली ट्रॅव्हिस विन्सर यांनी मांडलेली घोट्याच्या आणि दंडाच्या दाबांची ही तुलना आजही पहिली तपासणी आहे.

मात्र हा आकडाही फसवतो, आणि नेमका मधुमेहात. चुना साचून कडक झालेली धमनी पट्ट्याने दबत नाही, उत्तर १.४ च्या वर जातं आणि आजार झाकला जातो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात, कलर डॉप्लर करतात. त्यातच मधुमेहाने पाय बधिर झाला असेल तर पोटरी दुखतच नाही. बाभळीचा काटा रुततो, जखम चिघळते, काळी पडते, तेव्हा कुठे दवाखाना आठवतो.

विडी-सिगारेट हे पायाच्या धमन्या अरुंद होण्याच्या या आजाराचं सर्वांत मोठं टाळता येण्याजोगं कारण आहे. ऐन तिशीतल्या विडी ओढणाऱ्यांची बोटं झडवणारा बर्जरचा आजार वेगळा, पण तोही तंबाखूवरच पोसतो.

मधुमेह असेल किंवा विडी ओढत असाल तर पुढच्या तपासणीला दोन्ही पावलं डॉक्टरांसमोर उघडी ठेवा आणि पायाची नाडी बघायला स्वतःहून सांगा.