बुडी मालवणात, घर अडीच हजार फुटांवर

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या बेळगावच्या खासबागेत मागांच्या खडखडाटातही मालवणचे बेत ऐकू येतात. कुणीतरी मोबाइलवर कॅरिबियन बेटांचा व्हिडिओ दाखवतो, तळापर्यंत दिसणारं निळं पाणी, रंगीत मासे. लगेच दुसरा म्हणतो, "एवढ्या लांब कशाला? तारकर्लीत हेच दाखवतात की!"

हे अर्धंच खरं. प्रवाळ आपल्याकडेही आहे. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, ते काही उगाच नव्हे. पण कोकणातल्या खाड्या गाळ आणतात, त्यामुळे पाणी बार्बाडोससारखं आरपार दिसेलच असं नाही. पावसाळा संपून समुद्र निवळला की, साधारण डिसेंबर-जानेवारीत, चित्र बरं असतं. पावसाळ्यात स्कूबाच्या बुड्या बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद. आणि प्रवाळ म्हणजे शोभेचा दगड नव्हे. तो जिवंत प्राण्यांनी बांधलेला असतो. त्याचा तुकडा मोडून शोकेससाठी आणणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

"मला पोहता येत नाही, मी काठावर बसून चपला सांभाळतो," असं म्हणणारे काका प्रत्येक गाडीत एक तरी असतात. त्यांनी चपला दुसऱ्याकडे द्याव्यात. हौशी बुडीत प्रशिक्षक सतत सोबत असतो, पोहता येण्याची अट नसते. अट येते ती पाणबुड्याचा रीतसर कोर्स करताना. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं किंवा साधं चोंदलेलं नाक असेल, तर मात्र काका काठावरच बरे. खाली कानावर दाब येतो आणि नाक दाबून हवा फुंकल्याशिवाय तो सुटत नाही.

पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो, हे तर सगळेच म्हणतात. असते ती आपलीच साधी हवा, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषासारखा वागू लागतो आणि झटके येऊ शकतात. पाण्याखाली श्वास रोखून धरू नका, असं प्रशिक्षक सांगतो तेही उगाच नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते.

आता आपल्या गावाचा खरा प्रश्न. विमानात बसायच्या आधी बुडी मारू नये, हे अनेकांना ठाऊक असतं. "आपण कुठं विमानानं जाणार? गाडीनं घाट चढला की झालं!" गैरसमज आहे तो इथेच. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. मधेच भोवतालचा दाब आणखी कमी झाला, तर गोळी सोड्याची गोळी आत ढकलल्यावर जे होतं तेच अंगात, बुडबुडे. शरीराला फक्त दाब कळतो, तो विमानाने कमी केला की आंबोली घाटाच्या वळणांनी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी, की दोन हजार फुटांच्या वर जायचं असेल तर एका साध्या बुडीनंतर किमान 12 तास थांबावं, अनेक बुड्या मारल्या असतील तर 18. आंबोली सव्वादोन हजार फुटांवर, बेळगाव अडीच हजारांच्या आसपास. चोर्ला घाटातून या की आंबोलीतून, घर तिथेच! उथळ पाण्यातल्या पंधरा-वीस मिनिटांच्या बुडीत धोका फार थोडा, हे कबूल. पण सकाळी बुडी, दुपारी सुरमईचं ताट आणि संध्याकाळी घाट, ही आपली लाडकी आखणी या नियमात बसत नाही.

म्हणून आखणी बदला. पहिल्या दिवशी बुडी, मग मुक्काम, दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग. 1664 मध्ये शिवरायांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. तिथल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचं गोडं पाणी म्हणजे चमत्कार, असं होडीत कुणीतरी सांगतंच. बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, ते त्याच्यावर तरंगून राहतं. जगभरच्या कितीतरी बेटांची तहान असंच पाणी भागवतं. चमत्कार म्हणायचाच तर भर समुद्रात जागा हेरून तट बांधणाऱ्यांचा म्हणा.

सोमवारी माग सुरू व्हायचे असतील, तर बुडी शनिवारी.