माळ्याच्या पाठीवर

मोरियाच्या खाणीत फ्रोडोचा माळी सॅमवाइज गॅमजी ऑर्कांना चक्क तव्याने बडवतो आणि चित्रपटगृह हसतं. ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ (२००१) मधली ही हाणामारी टॉल्किन यांच्या कादंबरीत नाही. तिथली भांडी लक्षात राहतात ती वेगळ्या कारणाने. शत्रूच्या मॉर्डोरमध्ये मुद्रिका वाहणाऱ्या फ्रोडोला पाऊल उचलवत नाही, ओझं कमी करावं लागतं, तेव्हा इतक्या लांबून वाहून आणलेली तवे-पातेली सॅम जमिनीच्या एका भेगेत टाकून देतो. स्वयंपाकाची भांडी टाकणारा माणूस परतीची आशाही टाकत असतो. माझ्या लेखी तव्याच्या त्या साऱ्या मारामारीपेक्षा हा क्षण मोठा.

टॉल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत लँकेशायर फ्युजिलिअर्सचे सिग्नल अधिकारी होते. अधिकाऱ्याचे कपडे, जेवण, सामान बघायला तेव्हा एक साधा शिपाई दिमतीला असे. आपल्याकडे त्याला ऑर्डर्ली म्हणत. सॅममध्ये अशाच शिपायांचं प्रतिबिंब आहे, असं टॉल्किन यांनी नोंदवलं आणि ते आपल्याहून सरस होते अशी कबुलीही दिली. १९५१ मध्ये मिल्टन वॉल्डमन यांना लिहिलेल्या पत्रात तर ते सॅमला मुख्य नायकच म्हणतात. ‘सहायक’ भूमिकेचा शिक्का पुरस्कारवाल्यांचा.

पीटर जॅक्सन, फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयेन्स यांनी तिसऱ्या चित्रपटाच्या (२००३) पटकथेत मोठी मोडतोड केली. वाटाड्या गोलम शिदोरी दरीत फेकतो, चोरीचा आळ सॅमवर येतो आणि फ्रोडो त्याला घरी पाठवतो. पुस्तकात दोघं शेलॉब या राक्षसी कोळिणीच्या गुहेत बरोबरच शिरतात. मूळ कादंबरीचे भक्त या बदलावर अजून चिडून आहेत. मीही चिडलो होतो. पण पुस्तक सॅमच्या मनात शिरू शकतं; कॅमेऱ्याला काहीतरी घडताना दिसावं लागतं. रडत उतरणाऱ्या सॅमला खाली पडलेली लेंबास भाकरी सापडते, तो ती मुठीत चुरतो आणि पुन्हा वर बघतो. मालकाचा हुकूम घरी जाण्याचा आहे. हुकूम मोडून पायऱ्या चढतो तो नोकर राहिलेला नसतो.

गमावलं ते दुसरीकडे. कादंबरीत काही काळ हाती आलेली मुद्रिका सॅमलाही भुलवते: तू महावीर होशील, गोर्गोरोथच्या उजाड पठाराची बाग करशील. त्यावर त्याची मातीतली अक्कल जागी होते. आपल्या हातांनी राखता येईल एवढी बाग त्याला पुरे असते. चित्रपटात उरते ती मुद्रिका परत देताना क्षणभराची घुटमळ. पुस्तकात एल्फ गॅलाड्रिएल त्याला आपल्या बागेतली माती देते, त्याच मातीने तो आपला उद्ध्वस्त मुलूख शायर पुन्हा हिरवं करतो. पहिल्या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत त्याच्या हाती येतो दोर. शायरचा विध्वंसच गाळल्यामुळे मातीला काम उरलं नाही. माळी गेला, हमाल राहिला.

हमाल मात्र अस्सल. माउंट डूमच्या उतारावर पुस्तकातल्या सॅमला पाठीवर घेतलेला फ्रोडो अनपेक्षितपणे हलका लागतो. पडद्यावर सॅम साकारणाऱ्या शॉन अ‍ॅस्टिनच्या चेहऱ्यावर आणि गुडघ्यांत त्याचं पुरेपूर वजन उतरलेलं दिसतं. त्या तिसऱ्या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाले. अभिनयासाठी साधं नामांकनही कुणाला नव्हतं.

शेवटी सॅम घरी येतो. त्याच्याकडे धावत येणारी चिमुकली अ‍ॅस्टिनचीच मुलगी आहे. सगळे आत जातात, गोल पिवळं दार लागतं आणि बाहेर बाग दिसते, दारापुढची, छोटीशी.