+91 दिसला, म्हणजे फोन भारतातूनच आला?

भरदुपारी फोन वाजतो. नंबर +91 ने सुरू होणारा, म्हणजे आपल्याकडचाच. उचलला की ध्वनिमुद्रित आवाज सांगतो: दूरसंचार विभागातून बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होईल, अधिक माहितीसाठी नऊ दाबा. नऊ दाबल्यावर खरा माणूस बोलू लागतो, मग तोतया पोलीस, मग व्हिडिओ कॉलवरची खोटी अटक, म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’. अशी अटक भारताच्या कायद्यात नाही, आणि दूरसंचार विभाग किंवा दूरसंचार नियामक ट्राय नंबर बंद करण्याच्या धमकीचे फोन करत नाही.

पण नंबर तर भारतातला होता ना? सगळ्यात जास्त माणसं फसतात ती इथेच. इंटरनेटवरून परदेशातून फोन लावणाऱ्याला पडद्यावर कोणता नंबर दिसावा हे ठरवता येतं. तो नंबर एखाद्या निरपराध माणसाचाही असू शकतो. त्याला उलट फोन करून शिव्या देऊ नका, त्याला यातलं काहीच माहीत नसतं.

हे रोखण्यासाठी 22 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने एक केंद्रीय यंत्रणा सुरू केली. तिची युक्ती सोपी आहे. परदेशातून आलेल्या फोनवर भारतीय मोबाइल नंबर असेल, तर ते सिम खरोखर परदेशात रोमिंगवर आहे का, हे पाहायचं. नसेल तर फोन वेशीवरच अडवायचा. पहिल्या 24 तासांत सुमारे 1 कोटी 35 लाख फोन अडवले गेले. भारतीय नंबर दाखवत बाहेरून आलेल्या फोनपैकी ते तब्बल 90 टक्के होते! लँडलाइनचा नंबर दाखवणारे असे फोन तर आधीपासूनच अडवले जात होते, कारण लँडलाइन रोमिंगवर जाऊच शकत नाही.

‘मग दुबईला गेलेल्या मुलाचा फोनही अडेल,’ ही भीती मात्र अनाठायी आहे. त्याचं भारतीय सिम रोमिंगवर असेल तर यंत्रणेला ते कळतं आणि फोन लागतो. तिथलं सिम घेतलं असेल तर +971 दिसेल, त्याचा या तपासणीशी संबंधच नाही.

‘आता सरकारने बंदोबस्त केला, काळजी मिटली,’ हेही खरं नाही. भामट्यांनी वाट बदलली. काही जण उघडपणे परदेशी नंबरावरूनच फोन करतात, काही व्हॉट्सॲपवर येतात. सगळ्यात चिवट प्रकार सिम बॉक्सचा. परदेशातला फोन इंटरनेटवरून भारतातल्या एखाद्या भाड्याच्या खोलीत येतो. तिथे पुष्कळ सिमकार्डं बसवलेली पेटी असते, आणि फोन पुढे स्थानिक होऊन निघतो. वेशीवरच्या पहारेकऱ्याला तो दिसणार कसा? ही सिमं बऱ्याचदा दुसऱ्यांच्या कागदपत्रांवर घेतलेली असतात. 2023 च्या दूरसंचार कायद्यात फसवणुकीने सिम मिळवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर पाहता येतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावावरचीही एकदा पाहाच.

डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंद, लावल्याने असे फोन थांबतील, असं अनेकांना वाटतं. डीएनडी नोंदणीकृत जाहिरातदारांना आवरतं. चोर कुठली नोंदणी करतो? तसंच, नुसता फोन उचलल्याने खातं रिकामं होत नाही. ओटीपी सांगितला, स्क्रीन दाखवणारं ॲप टाकलं किंवा घाबरून आपणच पैसे पाठवले, की ते जातात.

तक्रारीचं ठिकाणही नीट ठाऊक हवं. फक्त संशयास्पद फोन आला, पैसे गेले नाहीत, तर संचार साथीवरील ‘चक्षू’ या सोयीवर कळवा. बाहेरून आलेला फोन भारतीय नंबर दाखवत असेल, तर त्यासाठी तिथेच वेगळी सोय आहे. पैसे गेले असतील तर मात्र चक्षूवर वेळ न घालवता थेट सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर फोन करा. लोक लाजतात, मुलांना सांगावं की नाही या विचारात रात्र काढतात, आणि तेवढ्या वेळात रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात सरकते. पहिल्या तासात फोन केला तर ती वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. व्यवहाराचा क्रमांक आणि बँकेचा मेसेज हाताशी ठेवा.