शिशाच्या लगडीचा साचा : पृष्ठदोष आणि त्यांचा बंदोबस्त

शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि घट्ट होताना आकसते. म्हणूनच बिडाच्या साच्याच्या भिंती स्वच्छ व वरच्या बाजूस पसरट असल्या, तर तो उलटा करताच लगड आपोआप सुटते. ती अडू लागली, की दोष बहुधा पृष्ठभागात शोधावा. गंजाच्या उथळ खळग्यांमुळे लगडीवर पुटकुळ्या उठतात, एवढ्याने फारसे बिघडत नाही. खरी अडचण भिंतीवरच्या त्या खाचेची, जिचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असते, कारण तीत गोठलेले शिसे खुंटीप्रमाणे लगडीला धरून ठेवते. अशी खाच कानशीने तोंडाशी रुंद करून, ओरखडे लगड बाहेर येण्याच्या दिशेनेच राहतील अशा बेताने पॉलिश कागद फिरवावा. भिंत लखलखीत करण्याचा हव्यास मात्र नको. कथील मिसळलेले शिसे उघड्या, चकचकीत लोखंडाला चिकटू शकते, आणि त्यास अटकाव करण्यास काजळीचा पातळ थर पुरेसा होतो.

वापरलेल्या साच्यावर शिशाचा विषारी अंश असतो, म्हणून घासकाम ओल्या कागदाने करावे, जेणेकरून धूळ उडणार नाही; परंतु त्यानंतर साचा तापवून पुरता कोरडा केल्यावाचून त्यात धातू मुळीच ओतू नये, कारण खळग्यात दडलेल्या एका थेंबाची क्षणार्धात वाफ होऊन तप्त शिसे उसळते व डोळ्यांचा घात होतो. आरपार तडा गेलेला साचा दुरुस्तीच्या नादी न लागता बाद करावा.