वाटी-चमच्यापासून काठीपर्यंत

पडद्याची ताकद हमरापूर-जोहे पट्ट्यातल्या गणपती कारखान्यांना कुणी समजावून सांगायला नको. ‘जय मल्हार’ मालिका गाजली तेव्हा खंडोबाच्या रूपातले गणपती आले, ‘बाहुबली’ आला तेव्हा त्या थाटातले. पण बाहुबली गणपती घरी नेणारं कुटुंब काही मारामाऱ्या करत सुटत नाही. १९६१ साली अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा यांनी दाखवलं, की मोठ्या माणसाला बाहुली बडवताना पाहिलेली मुलं ती तशीच बडवू लागतात. बाहुली बडवणं आणि माणूस मारणं यात मात्र फार अंतर आहे. ते अंतर भीती पुसून टाकते.

२१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो, ही वार्ता मोबाईल नसतानाही एका दिवसात देशभर गेली. लोकांच्या हातात वाटी-चमचा होता, काठी नव्हती. बातमीत कुणी शत्रूच नव्हता.

२०१८ च्या उन्हाळ्यात फिरलेल्या मेसेजमध्ये शत्रू होता: मुलं पळवणारी टोळी. सोबतच्या व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरचं मूल उचलतात. ती मुळात कराचीतली बालसुरक्षेची जाहिरात होती. शेवटी ते मूल परत आणून ठेवतात आणि फलक दाखवतात. तेवढाच शेवट कुणीतरी कापला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत. आजही लिहिताना हात थरथरतो. त्याच दिवशी मालेगावात असंच सापडलेलं एक कुटुंब पोलिसांनी जमावाच्या तावडीतून सोडवलं.

त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने जमावाची हिंसा रोखायला जिल्ह्याजिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेले मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येऊ लागले. ही बंधनं हवीतच. पण त्याच एप्रिलच्या १६ तारखेला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. टाळेबंदीत सगळे धास्तावलेले, आणि मुलं चोरणाऱ्यांच्या अफवा पाड्यापाड्यांतून पसरत होत्या. तिथे नुसती फोनवरची मर्यादा काय करणार?

सणाआधी जोह्यातही अनोळखी माणसांची रीघ लागते. व्यापारी, टेम्पोवाले, बाहेरून आलेले कारागीर. म्हणून गावच्या ग्रुपवर असा मेसेज पडलाच, तर ॲडमिनने तो तिथेच अडवावा आणि पोलीस पाटलांना फोन लावावा, ११२ आहेच. आणि शाळेत मुलांना तो कराचीचा व्हिडिओ दाखवावा. आधी कापलेला, मग शेवटच्या फलकासकट पूर्ण.