प्रशिक्षकाचा अधिकार कुठवर?

फुटबॉलमध्ये कोणते अकरा खेळाडू उतरवायचे आणि कोणाला कधी बदलायचे, हे प्रशिक्षक ठरवतो. क्रिकेटची परंपरा निराळी आहे. गोलंदाजीतील बदल, क्षेत्ररचना आणि डाव घोषित करण्याची वेळ हे सारे कर्णधाराच्या हाती असते; पराभवाचा जाबही प्रथम त्यालाच विचारला जातो. भारतात संघनिवडीत मताचा अधिकार ना कर्णधाराला असतो ना प्रशिक्षकाला, तो निवड समितीचा असतो. मग प्रशिक्षकाचे अधिकारक्षेत्र कोणते? या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर कुठेही नसल्याने ते बहुतेक वेळा दोन व्यक्तींच्या स्वभावावर सोडले जाते. भारतीय संघातील दोन गाजलेल्या वादांचे मूळ येथे आहे.

न्यूझीलंडचे जॉन राइट २००० मध्ये भारताचे पहिले परदेशी प्रशिक्षक झाले. प्रसिद्धीपासून दूर राहणारे राइट आणि आक्रमक कर्णधार सौरव गांगुली यांची जोडी जमली. २००१ मधील ऑस्ट्रेलियावरील मालिका विजय, २००३ च्या विश्वचषकाची अंतिम फेरी आणि २००४ मधील पाकिस्तानातील कसोटी मालिका विजय ही त्या काळाची कमाई होय. राइट यांना राग येत नसे असे नव्हे. मात्र संघाचा चेहरा कर्णधारच आहे, हे त्यांनी मान्य केले होते.

मे २००५ मध्ये त्यांच्या जागी ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार ग्रेग चॅपेल यांची नियुक्ती झाली. विशेष म्हणजे स्वतः गांगुली त्यांच्या नावासाठी अनुकूल होते. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यापूर्वी त्यांनी चॅपेल यांच्याकडून मार्गदर्शन घेतले होते आणि त्यानंतर ब्रिस्बेन कसोटीत १४४ धावा केल्या होत्या. परंतु सल्ला देणारे चॅपेल आणि संघ घडवू पाहणारे चॅपेल यांत फरक होता. ज्येष्ठत्वापेक्षा तंदुरुस्ती महत्त्वाची, जुन्या सवयी मोडल्याच पाहिजेत आणि मनातले मत तोंडावर सांगावे, अशी त्यांची धारणा होती.

सप्टेंबर २००५ मध्ये झिम्बाब्वे दौऱ्यावर ठिणगी पडली. बुलावायो कसोटीत शतक झळकावल्यानंतर गांगुली यांनी पत्रकारांना सांगितले की, सामन्यापूर्वी आपल्याला कर्णधारपद सोडण्यास सुचवण्यात आले होते. गांगुली यांनीच मत विचारले आणि आपण प्रामाणिक उत्तर दिले, ही चॅपेल यांची बाजू. भारताने ती मालिका २-० अशी जिंकली, पण त्याची चर्चा कोण करणार? काही दिवसांतच क्रिकेट नियामक मंडळाला चॅपेल यांनी पाठवलेला ई-मेल फुटला. नेतृत्वासाठी गांगुली शारीरिक आणि मानसिकदृष्ट्या योग्य नाहीत, असा त्याचा आशय होता. मुंबईत मंडळाच्या समितीसमोर समेट झाला खरा, पण ऑक्टोबरमध्ये एकदिवसीय संघाचे नेतृत्व राहुल द्रविड यांच्याकडे गेले आणि वर्षअखेरीस गांगुली कसोटी संघाबाहेर होते. २५ नोव्हेंबर २००५ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर प्रेक्षकांनी भारताऐवजी दक्षिण आफ्रिकेला प्रोत्साहन दिले. ड्रेसिंग रूममधील भांडण प्रेक्षागृहापर्यंत पोहोचले होते.

चॅपेल यांचा कार्यकाळ सरसकट अपयशी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. द्रविड यांच्या नेतृत्वाखाली भारताने धावांचा पाठलाग करताना सलग १७ एकदिवसीय सामने जिंकले. २००६ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये ३५ वर्षांनंतर कसोटी मालिका जिंकली. डिसेंबर २००६ मध्ये जोहान्सबर्गला भारताने दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवरील पहिला कसोटी विजय मिळवला, आणि त्या सामन्यात पुनरागमन करणाऱ्या गांगुली यांनी नाबाद अर्धशतक केले.

तरीही संघात विश्वास उरला नव्हता. मार्च २००७ मध्ये विश्वचषकात बांगलादेश आणि श्रीलंकेकडून पराभूत होऊन भारत पहिल्याच फेरीत बाद झाला. ४ एप्रिल रोजी चॅपेल यांनी पद सोडले. सचिन तेंडुलकर यांनी तेव्हा जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यांचा रोख पराभवाच्या टीकेवर नव्हता. खेळाडूंच्या वृत्तीबद्दल शंका घेतली गेली, हे त्यांना लागले होते. तंत्रातील दोष ज्येष्ठ खेळाडूही ऐकून घेतो, पण निष्ठेवरचा संशय त्याला सहन होत नाही. २०१४ मध्ये प्रकाशित आत्मचरित्रात तेंडुलकर यांनी चॅपेल यांना सर्कशीतील रिंगमास्टरची उपमा दिली. त्यांनी घरी येऊन आपल्याला कर्णधारपद घेण्यास सुचवले, असेही त्यात म्हटले आहे. चॅपेल यांनी याचा इन्कार केला.

२००८ मध्ये आलेले गॅरी कर्स्टन क्वचितच माध्यमांसमोर येत. नेटमध्ये तासन्‌तास स्वतः चेंडू टाकून फलंदाजांचा सराव करून घेणे ही त्यांची ओळख. २०११ चा विश्वचषक त्यांच्याच काळात आला.

या तुलनेवरून सौम्य प्रशिक्षकच हवा, असा निष्कर्ष निघू शकतो. तो अपुरा आहे, कारण पुढचा वाद एका भारतीय, यशस्वी आणि आदरणीय प्रशिक्षकाच्या बाबतीत झाला. जून २०१६ मध्ये नियुक्त झालेल्या अनिल कुंबळे यांच्या काळात भारताने १७ पैकी १२ कसोटी जिंकल्या आणि केवळ एक गमावली. तरीही चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यातील पराभवानंतर दोनच दिवसांनी, २० जून २०१७ रोजी, त्यांनी राजीनामा दिला. आपल्या कार्यशैलीबद्दल कर्णधाराला आक्षेप आहेत, हे मंडळाकडून आपल्याला आदल्या दिवशी प्रथमच कळले, असे त्यांनी निवेदनात नमूद केले. संघाला आरसा दाखवणे हेच प्रशिक्षकाचे काम, अशी त्यांची भूमिका होती. कर्णधार विराट कोहली यांनी ड्रेसिंग रूममधील गोष्टी तेथेच राहाव्यात, असे सांगून तपशील देण्याचे टाळले.

कुंबळे यांनी पदावर राहावे, असे मंडळाच्या क्रिकेट सल्लागार समितीचे मत होते. त्या समितीत तेंडुलकर आणि लक्ष्मण यांच्यासह तिसरे सदस्य होते सौरव गांगुली.